मसल कारचा मूळ कारखानी रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगन, ओहायो आणि कॅलिफोर्नियात राहणारे अनेक मराठी मित्र साठ-सत्तरच्या दशकांतील अमेरिकन ‘मसल कार’, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या गाड्या, हौसेने दुरुस्त करतात आणि रंगाच्या टप्प्यावर आले की तेच ते प्रश्न लिहून पाठवतात. ते येथे एकत्र केले आहेत. माझा स्वतःचा अनुभव मुख्यतः १९६९च्या शेव्हरोले कमारोचा असल्यामुळे उदाहरणे बहुतेक त्या गाडीची आहेत. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांची रीत जिथे वेगळी आहे, तिथे तसे नमूद केले आहे.

१. ‘फॅक्टरी-करेक्ट’ रंग म्हणजे नक्की काय? उत्तम रंगकाम आणि हे, यांत फरक काय?

गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती जशी दिसत होती, तसा रंग म्हणजे फॅक्टरी-करेक्ट रंग. यात छटा आलीच, पण तेवढ्यावर भागत नाही. झिलई तेवढीच हवी, पृष्ठभागाचा पोत तसाच हवा, रंगाचा फवारा जिथे पोहोचला होता तिथे तो दिसला पाहिजे आणि जिथे पोहोचला नव्हता तिथे पत्र्यावर नुसता प्रायमरच राहिला पाहिजे. या गाड्या चालत्या साखळीवर, ठरलेल्या वेळात, हाताने फवारणी करणाऱ्या कामगारांनी रंगवल्या. आजचा कुशल रंगारी महिनाभर खपून आरशासारखा पृष्ठभाग करून देतो. तो सुंदर असतो, परंतु १९६९च्या शोरूममध्ये तशी एकही गाडी उभी नव्हती. दोन्ही कामे आदरास पात्र आहेत. फक्त आपल्याला कोणते हवे आहे ते पहिला पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी ठरवावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून असतो.

२. माझ्या गाडीचा मूळ रंग कोणता होता, हे कुठे लिहिलेले असते?

१९६९च्या कमारोत फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्यावर, चालकाच्या बाजूला, बॉडीचा लहानसा टॅग (धातूची पट्टी) असतो. त्यावर ‘पीएनटी’ (पेंट) या अक्षरांजवळ रंगाचे संकेतांक असतात. पहिला बॉडीच्या खालच्या भागाचा आणि दुसरा वरच्या भागाचा. ‘७२ ७२’ म्हणजे संपूर्ण गाडी हगर ऑरेंज, ‘५७ ५७’ म्हणजे फॅदम ग्रीन, ‘५२ ५२’ म्हणजे गार्नेट रेड. दुसऱ्या जागी अंकाऐवजी अक्षर असेल तर छतावर विनाइलचे आवरण होते असे समजावे. ‘बी’ म्हणजे काळे विनाइल. १९६७ आणि १९६८च्या कमारोत मात्र रंगासाठीही अक्षरेच वापरली जात, त्यामुळे एका वर्षाचा तक्ता दुसऱ्या वर्षाला लावू नये.

फोर्डच्या गाड्यांत हा संकेतांक चालकाच्या दारावरील माहितीपट्टीवर असतो. १९७०च्या मस्टँगवर ‘जे’ म्हणजे ग्रॅबर ब्लू. क्रायस्लर आणि तिच्याच डॉज व प्लिमथ या विभागांच्या गाड्यांत तो चालकाच्या बाजूच्या आतील फेंडरवरच्या टॅगवर, ‘ईव्ही२’ किंवा ‘एफसी७’ अशा तीन चिन्हांत सापडतो. संकेतांकाची जागा रिकामी असेल तर प्रश्न १३ पाहा.

३. टॅग खरा आहे याची खात्री कशी करावी?

नकली टॅग आज सहज मिळतात आणि ज्या रंगाला किंवा मॉडेलला भाव जास्त, त्याचेच बहुधा निघतात. म्हणून केवळ टॅगवर विसंबू नये. कमारोचा मूळ टॅग रंगकामापूर्वी बसवला जात असल्यामुळे त्यावर फायरवॉलच्या काळ्या रंगाचा थर असणे स्वाभाविक आहे. लख्ख, कोरा टॅग दिसला की शंका घ्यावी. टॅगवरील ‘०३सी’ सारखा आकडा मार्चचा तिसरा आठवडा सांगतो; इंजिन आणि इतर भागांवरील तारखा त्याच्याशी सुसंगत हव्यात. गाडी कोणत्या प्रकारची होती हे सांगणारे ‘एक्स३३’ सारखे संकेत फक्त ओहायोतील नॉरवुड कारखान्याच्या टॅगांवर, तेही डिसेंबर १९६८पासून पुढे, आढळतात. तेव्हा चासी क्रमांकात लॉस एंजेलिसचे ‘एल’ अक्षर आणि टॅगवर ‘एक्स’ संकेत असे दिसले, तर काहीतरी नक्कीच चुकलेले आहे.

कागदपत्रांचा आधार मिळाला तर उत्तम. कारखान्यातील बांधणीचा कागद कधी इंधनटाकीच्या वर, तर कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांची मूळ नोंद मार्टी ऑटो वर्क्सकडून विकत मिळते आणि पाँटियाकसाठी पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६९च्या शेव्हरोलेसाठी मात्र अशी सोय नाही, म्हणून तिथे गाडीच्या पत्र्यालाच साक्षीदार मानावे लागते.

४. टॅगवर एक रंग आहे आणि गाडीवर दुसराच. मूळ रंगाचा पुरावा कुठे शोधू?

माझ्या गाडीची नेमकी हीच गोष्ट होती. बाहेरून ती हगर ऑरेंज होती, आणि टॅग सांगत होता ‘५७’, म्हणजे गडद हिरवा. दारे, बॉनेट, डिकी सगळीकडे नारिंगीच. शेवटी फायरवॉलवरचा हीटरचा खोका उतरवला, तेव्हा त्याच्या जुन्या, कडक झालेल्या सीलखाली तळहाताएवढा हिरवा पट्टा निघाला. त्यावर कधीच ऊन पडले नव्हते. ओल्या कापडाने धूळ पुसली तेव्हा त्यातील बारीक धातूचे कण दिव्याखाली चमकले आणि गाडीचा खरा रंग मला पहिल्यांदा दिसला.

ज्या जागा दुसऱ्यांदा रंगवणारा माणूस उघडत नाही, तिथेच शोधावे: दाराच्या आतील पॅनेलमागे, उंबऱ्यावरील ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली, डिकीच्या रबरी सीलखाली, मागच्या दिव्यांच्या पाठीशी, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला, मागच्या सीटखाली आणि फेंडर जिथे बॉडीला बोल्टने जोडलेले असतात त्या कडांवर. प्रत्येक जागेचे छायाचित्र काढून त्यात मोजपट्टी ठेवावी. पत्रा सँडब्लास्टिंगला (वाळूच्या झोताने साफ करायला) पाठवण्यापूर्वीच हे करावे; तिथे अर्ध्या तासात जो पुरावा नाहीसा होतो, तो पुन्हा कोणत्याही किमतीला मिळत नाही.

५. त्या काळी लॅकर वापरत की एनॅमल?

जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले, पाँटियाक इत्यादी) गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर, तर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांना ॲक्रिलिक एनॅमल. दोन्ही प्रकारांत रंग आणि झिलई एकाच थरात असत. वर वेगळा पारदर्शक क्लिअरचा थर नसे. अमेरिकन गाड्यांवर क्लिअरचा सर्रास वापर ऐंशीच्या दशकात सुरू झाला.

दोहोंतील फरक असा की लॅकर केवळ थिनर उडून गेल्यामुळे वाळते, म्हणून ते पुन्हा थिनरने विरघळते. एनॅमल मात्र भट्टीत तापून रासायनिक क्रियेने घट्ट होते. अदृश्य जागी लॅकर थिनरचा बोळा फिरवला आणि रंग कापडावर आला, तर ते लॅकर. मात्र यावरून ‘हाच मूळ रंग’ असा निष्कर्ष काढू नये, कारण सत्तरच्या दशकात गॅरेजमधून दुरुस्तीसाठीही लॅकरच मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे.

६. मग आज लॅकरच मारावे का? बेस (खालचा, बिनझिलईचा रंगाचा थर) आणि क्लिअर चालणार नाही का?

संपूर्णपणे अचूक काम हवे असेल आणि तुमच्या राज्याचा नियम परवानगी देत असेल, तर लॅकरला पर्याय नाही. त्याच्या झिलईत एक मऊपणा असतो आणि तो क्लिअरच्या काचेसारख्या चकाकीत येत नाही. परंतु त्याचे दोष ठाऊक असू द्यावेत. लॅकर वर्षानुवर्षे आकसत राहते, थर जाड झाला तर थंडी-उन्हात त्याला बारीक तडे जातात आणि पेट्रोल सांडले की डाग पडतो. त्यातील द्रावके हवेत मोठ्या प्रमाणावर मिसळत असल्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत त्यावर कडक निर्बंध आहेत.

माझे मत विचाराल तर साध्या, धातुकण नसलेल्या रंगांसाठी एका टप्प्याचे, म्हणजे रंग आणि झिलई एकाच थरात देणारे, युरेथेन हा सर्वांत प्रामाणिक मध्यममार्ग आहे. ते टिकते, त्यात क्लिअरचा थर नसतो आणि नेमकी फवारणी केली तर पोतही जुन्यासारखा येतो. धातुकण असलेल्या रंगांत मात्र एका टप्प्याने ढगांसारखे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून तिथे अनेक जण बेस आणि क्लिअर वापरतात. तसे केल्यास क्लिअरचे कमीत कमी थर द्यावेत आणि झिलई थोडी उतरवावी. नेहमी वापरायच्या गाडीसाठी मी यात काहीच गैर मानत नाही.

७. संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत मुद्दाम ठेवायचा का?

होय, पण प्रमाणात आणि योग्य जागी. जनरल मोटर्समध्ये रंगाचे थर दिल्यावर गाडी थोडी भाजत, दोष दिसतील तिथे घासत आणि मग जास्त तापमानाच्या भट्टीत घालत. त्या उष्णतेने लॅकर पुन्हा किंचित वितळून सपाट होई आणि झिलई येई. अखेरच्या भट्टीनंतर संपूर्ण गाडी पाणी घालून घासण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे बॉनेट आणि छत बऱ्यापैकी गुळगुळीत, दारांच्या खालच्या बाजूला पोत अधिक, आणि दारांच्या चौकटीत, डिकीच्या तोंडाशी व बॉनेटच्या पोटाशी रंग पातळ आणि मंद, असे चित्र असे. आजच्या रंगकामात नेमकी इथेच चूक होते: दाराची चौकट बाहेरच्या पॅनेलइतकीच चकचकीत केली जाते. जाणकार माणूस दार उघडतो आणि त्याला तिथेच सर्व कळते.

८. दुकानातून संकेतांकानुसार रंग मिसळून आणला, तरी तो जुळत नाही. असे का?

याची तीन कारणे नेहमी आढळतात. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत शिशाचे क्रोमेट असलेली रंगद्रव्ये असत. आजच्या मिश्रणांत ती नसतात, त्यामुळे दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात आणल्यावर वेगळा दिसू शकतो. धातुकणांचे दुसरे कारण: ॲल्युमिनियमच्या कणांचा आकार आणि ते कसे बसतात यावर छटा बदलते, आणि ते फवाऱ्याच्या दाबावर व थर किती ओला होता यावर अवलंबून असते. कॉर्टेझ सिल्व्हरसारख्या रंगात एकच डबा दोन रंगाऱ्यांच्या हातून दोन वेगळे रंग देतो.

तिसरे कारण नमुन्याचे आहे. बाहेरचा रंग पन्नास वर्षांच्या उन्हाने उतरलेला असतो. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या झाकलेल्या जागेचा नमुना घ्यावा, तो पॉलिशने हलकेच उजळावा आणि त्यावरून रंग मोजून घ्यावा. त्या काळचे ड्यूपाँट किंवा डिट्झलर या रंगकंपन्यांचे रंगतक्ते उपयोगी पडतात, पण ते अंधारात जपलेले असले तरच. पूर्ण गाडीला हात लावण्यापूर्वी एका पत्र्यावर फवारणी करून तो पत्रा सकाळी, दुपारी आणि सावलीत पाहावा.

९. इंजिनाची जागा बॉडीच्या रंगाची असावी की काळी?

हे कंपनीवर अवलंबून आहे. कमारोत फायरवॉल अर्धचकाकीचा काळा असतो आणि हा काळा रंग बॉडीच्या रंगानंतर मारलेला असल्यामुळे त्याच्या कडांशी बॉडीचा रंग डोकावतो. त्या काळच्या मस्टँगमध्येही ही जागा काळीच असते. डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत मात्र ती बॉडीच्या रंगाची असते, म्हणून जांभळ्या चॅलेंजरचे बॉनेट उघडल्यावर आतही जांभळाच रंग दिसला पाहिजे. काळ्या रंगाची झिलई हा फार चुकणारा तपशील आहे. डबा उघडून तसाच मारलेला चकाकता काळा रंग कमारोच्या फायरवॉलवर साफ चुकीचा दिसतो.

१०. आणि खुद्द इंजिन?

शेव्हरोलेचे व्ही८ नारिंगी, फोर्डची इंजिने १९६६पासून निळी, क्रायस्लरचे ४२६ हेमी नारिंगी. शेव्हरोलेच्या कारखान्यात इंजिन जोडून झाल्यावर रंगवत असत, त्यामुळे बोल्टांची डोकी आणि गॅस्केटच्या कडाही नारिंगी होत. फवारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही उडे आणि पहिल्या काही मैलांतच जळून जाई. सुटे भाग वेगवेगळे रंगवून नंतर जोडलेले इंजिन नीटनेटके दिसते, पण तसे ते कधीच नव्हते.

११. गाडीच्या खालच्या बाजूला कोणता रंग असतो?

याचे एकच उत्तर नाही. फ्लोअरचा प्रायमर कारखान्यानुसार आणि काळानुसार बदलत असे. कुठे तांबूस, कुठे राखाडी, कुठे काळपट. बाजूंनी रंग मारताना बॉडीच्या रंगाचा फवारा खाली उडे आणि कडेपासून आत जाताना विरळ होत जाई. त्यावर कुठे सीलंट, तर कुठे अंडरकोटिंग. हे सर्व तुमच्याच गाडीवर वाचावे लागते. चिखल आणि तेलाचा थर पाणी व सौम्य डिग्रीझरने, प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. तारेचा ब्रश लावू नये. मी सहा शनिवार गाडीखाली पडून हे केले, आणि स्प्रिंगच्या बैठकीजवळ पिवळ्या रंगाचा बोटाएवढा फराटा सापडला. तो कुणा कामगाराने ‘हा भाग तपासला’ म्हणून ओढला होता. असे फराटे, खडूची अक्षरे आणि रंगाचे ठिपके नोंदवून ठेवावेत आणि नंतर त्याच जागी, त्याच ओबडधोबड हाताने पुन्हा काढावेत. दुसऱ्याच्या गाडीवरचे चिन्ह आपल्या गाडीवर उतरवू नये.

१२. पट्टे रंगवलेले असत की चिकटवलेले?

दोन्ही. १९६९च्या झेड/२८ कमारोचे आणि १९७०च्या शेवेल एसएसचे पट्टे रंगवलेले असत, तर १९६९च्या मस्टँग माक १चे बाजूचे पट्टे प्रकाश परावर्तित करणाऱ्या टेपचे. रंगवलेल्या पट्ट्याची कड बोटाला लागते, कारण त्यावर क्लिअरचा थर नसे. आज बरेच जण पट्टे क्लिअरच्या आत दाबतात आणि ती कड नाहीशी होते. गाडीवरून बोट फिरवून पाहणारे परीक्षक सर्वप्रथम हेच पाहतात. १९६९च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीच्या पेस कारची (शर्यतीच्या सुरुवातीला सर्वांपुढे धावणाऱ्या गाडीची) प्रतिकृती असलेल्या झेड११ कमारोत पांढऱ्या गाडीवर हगर ऑरेंजचे पट्टे असतात, आणि ती नारिंगी छटाही प्रश्न ८ मधील पद्धतीनेच जुळवावी.

१३. टॅगवर रंगाच्या जागी काहीच नाही किंवा भलतेच काही आहे. टॅग खोटा आहे का?

तसे असेलच असे नाही. खास मागणीचा रंग असेल तर १९६९च्या कमारोच्या टॅगवर संकेतांकाऐवजी दोन आडव्या रेघा असतात. क्रायस्लरच्या टॅगवर ‘९९९’ असतो. फोर्डच्या पट्टीवर रंगाची जागा रिकामी असते आणि विक्री जिल्ह्याच्या क्रमांकात जादा अंक असतात. अशा गाडीचा रंग टॅग सांगत नाही, म्हणून इथे प्रश्न ४ मधील शोध हाच एकमेव मार्ग उरतो. फसवणुकीला वावही इथेच सर्वाधिक आहे, तेव्हा विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता झाकलेल्या जागा उघडून दाखवण्यास सांगावे.

१४. एकाच रंगाला दोन नावे कशी?

विक्री करणारा विभाग आपापले नाव देई. ‘ईव्ही२’ हा डॉजकडे हेमी ऑरेंज आणि प्लिमथकडे टॉर रेड. ‘एफसी७’ डॉजकडे प्लम क्रेझी आणि प्लिमथकडे इन व्हायलेट. पाँटियाकचा कॅरोसेल रेड आणि शेव्हरोलेचा हगर ऑरेंज हेही एकच. मागणी नोंदवताना नाव न सांगता संकेतांक आणि वर्ष सांगावे.

१५. माझ्या गाडीच्या फेंडरची आणि दाराची छटा किंचित वेगळी आहे. म्हणजे अपघात झाला होता का?

कमारोची बॉडी फिशर बॉडीच्या विभागात रंगवली जाई आणि पुढचे फेंडर व बॉनेट शेव्हरोलेच्या बाजूला स्वतंत्रपणे रंगवून नंतर बसवले जात. विशेषतः धातुकणांच्या रंगांत त्यामुळे दरवाजाच्या पुढच्या फटीपाशी हलका फरक कारखान्यातूनच येई. तेव्हा फेंडरच्या फरकावरून लगेच अपघाताचा निष्कर्ष काढू नये. चुंबकीय मापकाने थराची जाडी मोजावी. एका पॅनेलवर जाडी इतरांच्या दुप्पट भरली, तर आत लांबी (पुट्टी) भरलेली असण्याचा संभव आहे. कॉर्व्हेटच्या फायबरग्लासवर हे मापक चालत नाही.

१६. रंगाचे ओघळ, धुळीचे कण असे दोषही पुन्हा आणायचे का?

पद्धतीतून येणारे गुण आणावेत, एका गाडीचा अपघाती दोष आणू नये. पातळ रंगाची चौकट, उडालेला फवारा, मंद काळा रंग हे प्रत्येक गाडीत होते. ओघळ मात्र एखाद्याच गाडीत असे आणि त्याचे छायाचित्र तुमच्याकडे असेल तरच त्याचा विचार करावा. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेच्या परीक्षणात मूळपेक्षा सरस कामाला जादा गुण मिळत नाहीत, आणि कॉर्व्हेटसाठी १९७४मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी तर गाडी कारखान्यातून जशी निघे, तशीच पाहते.

१७. मूळ रंग बराच शिल्लक आहे, पण ठिकठिकाणी उडाला आहे. नवा द्यावा का?

शक्यतो देऊ नये. मूळ लॅकर निम्मे जरी धड असेल तरी हलके पॉलिश करून, गंज थांबवून, गाडी तशीच जपावी. त्या थरात वर सांगितलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि तुमच्या गाडीबरोबरच तशाच इतर गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनाही तिच्याकडे पाहून शिकता येते.

१८. घरच्या गॅरेजमध्ये हे काम सुरक्षित आहे का?

जुना रंग कोरडा घासू नये, कारण प्रश्न ८ मध्ये सांगितलेले शिसे धुळीतून श्वासात आणि घरातल्या मुलांपर्यंत जाते. ओले घासावे, कपडे वेगळे धुवावेत. हार्डनर घालून वापरायच्या युरेथेनमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो आणि त्याचा वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते, म्हणून साधा मास्क पुरेसा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच हवा. ती सोय नसेल तर तयारी, घासकाम आणि नोंदी घरी कराव्यात आणि फवारणीपुरते बूथ भाड्याने घ्यावे. मीही तसेच केले.